सुनेची बाग

सकाळी मधपेटीखाली मेलेल्या मधमाश्यांचा सडा पडलेला पाहून सुनेच्या काळजाचं पाणी झालं. इतकी वर्षं तिने बागेत विषाचा थेंब पडू दिला नव्हता. ती तडक शेजाऱ्याच्या दारात गेली आणि तोंडाला येईल ते बोलली.

शेजारी गोंधळला. "वहिनी, माझा फवारणीचा पंप तर कालपासून तुमच्याच घरी आहे."

ती धावत परतली. सासरे नळाखाली पंप विसळत होते.

"काल तू बाजाराला गेलीस ना, तेव्हा मारून घेतलं औषध. दिवसभर हाताने किडे वेचतेस, पोरी. तुझे हाल बघवेनात मला."

सासऱ्यांनी मायेने तिच्याकडे पाहिलं.

"आता जरा आराम कर. बघ तरी, सगळ्या बागेत काही म्हणता काही वळवळत नाही."