एकच रिंग

दुपारी दोन वाजता फोन एकदाच वाजला आणि थांबला. पडद्यावर मुलीचा नंबर होता.

घरातला नियम जुना होता. प्रवासाला गेलेल्याने सुखरूप पोचल्यावर एक रिंग द्यायची. घरच्यांनी उचलायचं नाही. वडिलांनी काटकसरीपायी हे सुरू केलं होतं. पुढे बोलणं जवळपास फुकट झालं, तरी नियम राहिला.

पण मुलगी आत्ता पोचूच शकत नव्हती. वडील जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून त्यांनी दोन शहरांमधलं अंतर काढलं होतं: सात हजार आठशे किलोमीटर, साडेनऊ तास. विमान सकाळी साडेनऊचं. म्हणजे ते आत्ता समुद्रावर असायला हवं होतं.

समुद्रावरून रिंग येत नाही. विमान मध्येच कुठेतरी उतरवावं लागलं असणार. का, याचा विचार करायला ते धजले नाहीत. त्यांनी उलट फोन लावला. बंद.

विमान कंपनीचा नंबर आईने लावून दिला. पलीकडची बाई म्हणाली, विमान हवेत आहे, वेळेवर आहे. वडिलांच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. विमान वर, तर फोन खाली कसा?

त्यांनी तिकिटाचा नंबर सांगितला. बाईने यादी तपासली. मग म्हणाली, प्रवासी बाईंनी बॅग दिली होती, पण त्या स्वतः विमानात चढल्याच नाहीत. बॅग उतरवून ठेवली आहे.

मुलगी पंधरा दिवस माहेरी होती. उकाड्यातही लांब बाह्या घालायची. परत जायचं नाही, असं ती दोनदा म्हणाली होती. संसारात भांड्याला भांडं लागायचंच, असं वडील दोन्ही वेळा म्हणाले होते. जावई तापट आहे, पण मनाचा वाईट नाही. आणि साडेनऊ तासांचं काय एवढं, डोळा लागला की घर आलं. सकाळी विमानतळावर ती आत दिसेनाशी होईपर्यंत ते काचेपाशी उभे होते.

आता ते चपला शोधत होते. तिला कुणी पळवलं असेल, फोन चोराच्या हातात असेल, पोलिसांत जायला हवं.

आई जागची हलली नाही.

"अहो, चोर एक रिंग देऊन ठेवत नाही," ती म्हणाली. "सुखरूप पोचल्यावरच द्यायची, हे तुम्हीच शिकवलंत तिला."

"पण पोचली कुठे?"

"आपल्याकडे नाही, एवढं खरं."

एक चप्पल हातात घेऊन वडील खाली बसले.

तीन वाजता पुन्हा फोन वाजला. या वेळी तो थांबला नाही. जावई होता.

"बसवलीत ना विमानात? या खेपेला नाटकं चालायची नाहीत, सांगून ठेवलंय तिला."

वडिलांनी नकाशाकडे पाहिलं. दोरा अजून तसाच ताणलेला होता. नोकरीत त्यांनी कधी वीतभर जमीन चुकीची लिहिली नव्हती.

"निघाली," ते म्हणाले. "वेळेवर निघाली."

त्यांनी फोन ठेवला आणि लगेच मुलीला लावला. बंद.

विमान उतरायला चार तास होते. तिची खुर्ची रिकामी आहे, हे तोवर जावयाला कळणार नव्हतं.