मानमोडीतले दहावे

पत्नीच्या दहाव्याचा पिंड घाटावर मांडून दोन घटका उलटल्या, तरी कावळा शिवेना. मानमोडीच्या तापाने गाव अर्धे केले होते. इतरांच्या पिंडांभोवतीही कावळे नुसतेच बसून होते.

"नरहरपंत, कावळेसुद्धा कंटाळले हो! महिनाभर रोज पंक्ती उठताहेत, खातील तरी किती?" गुरुजी थकल्या आवाजात म्हणाले. "दर्भाचा कावळा करू आणि उरकू."

पण गेलेल्या माणसाची इच्छा राहिल्यावाचून कावळा अडत नाही, अशी नरहरपंतांची श्रद्धा होती. त्यांनी हात जोडून वचने दिली: दुसरे लग्न करणार नाही, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. अखेर, तापात ती जे पुन्हापुन्हा मागत होती आणि ज्याला त्यांनी होकार दिला नव्हता, तेच ओठांवर आले.

"कुंभारणीचं पोरकं तान्हं घरी आणीन. आपलं म्हणून वाढवीन."

तरीही एक पंख फडफडला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला.

"खरा कावळा शिवला नाही, तेव्हा ते वचन तुम्हांला बांधत नाही," ते हलकेच म्हणाले. "ब्राह्मणाच्या घरात कुंभाराचं पोर! गाव वाळीत टाकील."

नरहरपंतांनी ओले धोतर पिळले आणि कुंभारवाड्याची वाट धरली.

"टाकू दे," मागे न पाहता ते म्हणाले. "वाळीत टाकण्यापुरतं गाव उरलं असेल, तर बरंच म्हणायचं."