कपाळपट्टीवरची खूण

ख्रिस्ती फ्रँक शिपाई मशाली घेऊन रिक्लिंडच्या दारात आले आणि थबकले. दाराच्या कपाळपट्टीवर क्रूस कोरलेला होता; चारी हात सारखे, धुराने काळवंडलेले. वेझर नदीकाठच्या त्या सॅक्सन गावात ज्या दारावर क्रूस नाही ते घर सकाळपासून पेटत होतं.

"कुणी कोरलाय, विचार तिला," सरदार म्हणाला.

दुभाषा होता हेरेबाल्ड पाद्री. समुद्रापलीकडचा, पण त्याची बोली सॅक्सनांना कळायची. त्याने विचारलं.

"माझ्या सासूने," रिक्लिंड म्हणाली. "डोनारचा हातोडा आहे तो, आमच्या गडगडाटाच्या देवाचा. घरावर वीज पडू नये म्हणून. तुमच्या देवाचं नावही तेव्हा इकडे कुणी ऐकलं नव्हतं."

हेरेबाल्ड सरदाराकडे वळून फ्रँकांच्या भाषेत म्हणाला, "ख्रिस्ताचा आहे म्हणते. घर भाविकांचं आहे."

सरदाराने गुडघा टेकला. शिपायांनी मशाली खाली केल्या.

रिक्लिंडला त्यांची भाषा येत नव्हती. टेकलेला गुडघा मात्र दिसला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"घर वाचलं, मावशी. आता गप्प राहा."

"काय सांगितलंस?"

त्याने हळू आवाजात सांगितलं. ती आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. शिपायांचे हात तलवारींकडे गेले, पण ती वळली दाराकडे. टाचा उंचावून कपाळपट्टीवर घाव घालत राहिली. जुनं ओकचं लाकूड. ढलपे निघेपर्यंत तिला धाप लागली. खूण उरली नाही.

"आता टेका म्हणावं गुडघे."

हेरेबाल्डचा चेहरा उतरला. "अजून सावरता येईल, मावशी. डोकं फिरलंय तुमचं, असं सांगतो."

"डोकं ठिकाणावर आहे. घर माझं आहे, पोरा. जळलं तर माझं जळेल. माझी जीभ तू कशाला जाळतोस? मी बोलले ते सांग. जसंच्या तसं."

सरदार वाट बघत होता. हेरेबाल्डने त्याला शब्दन् शब्द सांगितला: सासू, डोनार, वीज. आणि शेवटी, मघाशी मी खोटं बोललो, हेही.

मशाली पुन्हा वर झाल्या. रिक्लिंडने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि गाय सोडायला गोठ्याकडे गेली.