तीन पुस्तकांचा एकच शेवट

जाड पुस्तक

"पहिली शंभर पानं फाडून टाकली तरी कुणाचं काही बिघडणार नाही," किशोर म्हणाला. "नुसती झाडं. माणूस येईपर्यंत माझा चहा गार झाला."

समाजमंदिरातल्या सतरंजीवर बसलेली मंडळी हसली. सिडकोतल्या या वाचक मंडळाकडे दर तीन महिन्यांनी पुस्तकांची नवी पेटी यायची. जुनी परत जाण्याआधी ज्यानं जे वाचलं त्यावर त्यानं खरं ते बोलायचं, असा रिवाज. कौतुक करायचं असेल तर घरी जाऊन करा, असं पेटी सांभाळणारा गोरक्ष दरवेळी बजावायचा. किशोर तोंडाचा फटकळ, एसटीतून रिटायर झालेला. त्याला हा रिवाज फार मानवला होता.

"आणि शेवट?" गोरक्षनं विचारलं.

"शेवटी म्हातारा काठी टेकत मुलीच्या घरी जातो. रडका आहे, पण चालेल."

गोरक्षनं चष्मा कपाळावर सरकवला. "मुलीच्या घरी?"

"मग कुणाच्या?"

"बरं. पुढचं घ्या."

हिरवं पुस्तक

इथं एक सांगायला हवं. दिवाळीपासून किशोरच्या डोळ्यांत इंजेक्शनं चालू होती आणि डॉक्टरांनी वाचन बंद केलं होतं. दुपारची जेवणं झाली की त्याची बायको उज्वला मोठ्यानं वाचायची. तो डोळ्यांवर पंचा टाकून पडल्या पडल्या ऐकायचा. शेवट येईपर्यंत अर्धा झोपेत असायचा. ऐकलेलं पुस्तकही वाचल्यात धरायचं, असं मंडळानं त्याच्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

"हा हिमालयात गेलेला माणूस," किशोर म्हणाला. "डोंगर कमी, पोटाच्या तक्रारी जास्त. बरं, एवढा जीव काढून वर चढतो, शिखर समोर दिसायला लागतं, आणि गडी मागे फिरतो. का, तर मुलीची आठवण झाली. थेट तिच्या घरी. अरे, मग गेलास कशाला?"

या वेळी कुणी हसलं नाही.

बँकेत नोकरी करणारी निकिता शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "काका, तो शिखरावर पोचतो. तिथला फोटोच आहे शेवटच्या पानावर."

"असेल."

"आणि त्याचं लग्न झालेलं नाहीये."

किशोरनं मांडी बदलली. "बायकापोरं नसलेला माणूस एवढी कुरकुर करत नाही," तो म्हणाला.

पिवळं पुस्तक

खरं तर इथंच थांबायचं. पण चालू गाडी मध्येच थांबवणं त्याच्या अंगवळणी नव्हतं.

"खुनी कोण, ते मला निम्म्यात कळलं. मेव्हणा. सारखा गोड बोलत होता. पण इन्स्पेक्टर माणूस पसंत पडला. कमी बोलतो. मेव्हण्याला बेड्या घालतो, जीपमध्ये बसतो आणि ड्रायव्हरला म्हणतो..."

त्यानं हातातलं पुस्तक उलटंपालटं केलं.

"काय म्हणतो?" गोरक्षनं विचारलं.

"म्हणतो, गाडी सिन्नरला घे."

पिवळ्या पुस्तकातली गोष्ट कलकत्त्यात घडत होती. सतरंजीवरच्या निम्म्या लोकांनी ते वाचलं होतं. किशोरची मुलगी मनाली सिन्नरला राहते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिनं आपलं आपण लग्न ठरवलं, तेव्हा बाप त्या लग्नाला गेला नाही. तेव्हापासून किशोरच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. मंडळातही कुणी काढत नव्हतं.

निकिता पुस्तकाचं कव्हर उगाच पुसत बसली.

"लेखकांना हल्ली दुसरं काही सुचत नाही," किशोर म्हणाला. "कुठलंही पुस्तक घ्या, शेवट तोच."

"हे खरं मत?" गोरक्षनं विचारलं.

"इथं खोटं चालतं का?"

"नाही चालत." गोरक्षनं पुस्तक त्याच्या हातातून घेतलं आणि पेटीत ठेवलं. "पण किशोरभाऊ, लेखक झकास गाठलाय तुम्ही. आमच्याकडंही पाठवा कधी."

नवं पुस्तक

नव्या पेटीतलं हाताला लागलं ते पुस्तक किशोरनं उचललं आणि बैठकीनंतरच्या मिसळीला न थांबता तो घरी आला.

जेवणं झाली. उज्वलानं चष्मा लावला. "काय म्हणाले मंडळात?"

"हसले."

"तुम्ही बोलला असाल काहीतरी वाकडं."

"जे ऐकलं तेच बोललो."

तिनं पुस्तक उघडलं.

"कशावर आहे?" त्यानं विचारलं.

"मधमाश्या कशा पाळाव्यात. अहो, हे कशाला आणलंत? यात गोष्ट नाही काही."

"असू दे." त्यानं पंचा डोळ्यांवर ओढून घेतला. "आज शेवटापासून वाच."

पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता तोच येत राहिला.

"एक माणूस असतो," उज्वला म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "त्याच्याकडं मध पुष्कळ होतो. तो एक बरणी भरतो आणि मुलीच्या घरी जातो."

"मग?"

"मग काय. संपलं."

"दरवेळी तू तिथंच संपवतेस." किशोरनं पंचा काढला नाही. "आत गेल्यावर तो काय बोलतो?"

उज्वलानं पुस्तकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "ते दिलेलं नाही."

"मग त्याला कसं कळायचं?"