खंडेनवमीचा कोयता

खंडेनवमीच्या दुपारी काँप्युटरवरचा बाण आपोआप चालू लागला, तेव्हा बनुबाईला वाटलं, आपला डोळा लागलाय.

वाटणारच. पुरणपोळीनं अंग जड झालं होतं. नवरा सयाजी पलीकडं घोरत होता. खांबाला टेकून पेंगताना ती मेढ्याचा डोंगर चढत होती, माहेरचा, आणि गुडघे जराही कुरकुरत नव्हते. दसरा झाला की सांगलीला त्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्याचे पैसे त्याच काँप्युटरात, बँकेच्या पानावर होते.

पान उघडं ठेवायचा हट्ट तिचाच. कोयता, कुदळ, टिकाव आणि सुनेचा काँप्युटर, सगळं पूजेला एका रांगेत मांडलं होतं. "बंद पेटीला कुंकू कशापायी? लक्ष्मी दिसू दे की," असं तिनं सकाळीच बजावलं होतं. सून राजेश्वरी नको नको म्हणत होती, पण सणासुदीला वाद कोण घालणार? तिनं पान उघडलं आणि नैवेद्य घेऊन मळ्यात गेली. जाताना एवढं सांगून गेली, "आत्या, कायबी इपरीत दिसलं तर आदी ही नेटची पिवळी वायर काडा. चोर हितनंच येत्यात."

बनुबाईला हसूच आलं होतं. एवढ्याशा वायरीतनं चोर यायचा म्हणजे केवढासा असेल!

आता माउसवर सकाळचं झेंडूचं फूल तसंच होतं. बाण मात्र मुंगीसारखा चालला होता, सावकाश, वाट माहीत असल्यासारखा. बनुबाईनं हात जोडले. देवी पावली म्हणायची. तिला फार बरं वाटलं.

मग एका रिकाम्या चौकोनात अक्षरं उमटू लागली. तिनं ती एकेक जुळवून वाचली. नाव घरातलं नव्हतं, भावकीतलं नव्हतं, गावातलंही नव्हतं. खालच्या चौकोनात आकडे पडायला लागले, तेव्हा तिला उमगलं. तिचे नवे गुडघेच कुणीतरी उचलून चाललं होतं.

"आवं, उठा की," तिनं हाक मारली. घोरणं चालूच.

बसल्या बसल्या सरकत ती वायरीपाशी गेली. ओढली, निघेना. बाण खालच्या हिरव्या 'पाठवा' बटणाकडं निघाला होता. हाताशी कोयता होता. सकाळी नारळ फोडायला सयाजीनं तो नुसता उचलला, तर तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत शिवायचं नाही.

तिनं कोयता उचलला आणि एका घावात वायर तोडली.

बाण बटणाच्या अलीकडं थांबला. पुन्हा हलला नाही.

आवाजानं सयाजी दचकून उठला. घरात तिसरं कुणीच नव्हतं. बायकोच्या मांडीवर कोयता होता आणि त्यावर पुसटलेलं कुंकू ती बोटानं पुन्हा लावत होती.

"आगं, आज हत्याराला हात लावायचा न्हाई, तूच म्हणालीस न्हवं?"

"व्हय," बनुबाई म्हणाली. "पर त्या वायरीतल्या चोरानं आदी लावला."