तिसरा स्क्रू

जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करणाऱ्या केंद्रात भावजी तीस वर्षं बोअरचं तापमान मोजत होते. आज मापकाची मनगटाएवढी नळी तारेवरून दोन किलोमीटर खाली पोचली, तेव्हा तिच्या झाकणाचा तिसरा स्क्रू त्यांच्या तळहातावरच राहिलेला दिसला. झाकण आत पडलं, तर बोअर बाद आणि नोकरीही.

“खेचू का?” तार गुंडाळणाऱ्या मेहुण्याने विचारलं.

“सावकाश. झोपलेलं पोर उचलतोस तसं.”

नळी वर आली. झाकण शाबूत.

“तिन्ही स्क्रू आहेत की, भावजी. उगाच जीव टांगणीला लावलात.”

भावजींनी मूठ उघडली. त्यांचा स्क्रू हातातच होता.

ते वाकले. झाकणावर दोन स्क्रूंची डोकी होती. तिसऱ्याचं फक्त टोक बाहेर आलं होतं. तो नळीच्या आतून आवळला होता.