उजवा दिवा

"आधी बॅटरीची तार काढ," बाबा म्हणाले. "मग दिव्याला हात लाव."

"बाबा, एक बल्ब तर बदलायचाय."

"तार काढली की गाडी मेली. दिवा नाही, हॉर्न नाही. मग खुशाल हात घाल कुठेही."

छोटूने निमूटपणे पाना घेतला, बॅटरीची काळी तार सोडवली आणि चिंधीत गुंडाळून बाजूला सारून ठेवली. चाळिशीला टेकला तरी घरात तो छोटूच होता, आणि गाडीच्या बाबतीत बाबांपुढे त्याचं काही चालत नसे. निम्म्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. त्यांचे जुने विद्यार्थी अजून रस्त्यात थांबून हाक मारत, आणि बाबाही हाकेसरशी प्रत्येकाचं नाव सांगत. एवढी तल्लख स्मरणशक्ती या वयात कुणाची असते?

उजवा दिवा गेलाय हे शेजारच्या शिंप्याने सांगितलं होतं. परवा अंधार पडल्यावर बाबा गाडी आत घेत असताना ती फाटकाला घासली, तीही उजवीकडूनच. म्हणजे सगळा दोष दिव्याचा, हे उघड होतं.

आणि दिवा आजच व्हायला हवा होता. दुपारी छोटूला कामासाठी परगावी निघायचं होतं, आणि बायकोचे दिवस भरत आले होते. वेळ आली तर तिला इस्पितळात न्यायचं ते बाबांनीच. कळा काही उजेड बघून येत नाहीत. भाड्याच्या गाड्यांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. बाबांवर होता.

"आणि आई, तू त्या वेळी मागे बस हं. हिच्याजवळ," तो म्हणाला.

आई पायरीवर मटार सोलत होती. "मी पुढेच बसते."

"पुढे बसून करतेस काय? लाल आहे, थांबा. सायकल आली. खड्डा आहे, डावीकडून घ्या. ज्यांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली त्यांना तू शिकवतेस!"

खिडकीतून बायको खळखळून हसली. तिला गाडी लागायची, त्यामुळे तपासणीला जाता-येता ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली असे, आणि सासूबाईंचं समालोचन घर येईपर्यंत अखंड चालू. "मी तर आता डोळे मिटून सांगते गाडी कुठे आली ते," ती म्हणाली.

"बोलू दे रे तिला," बाबा म्हणाले. "तिच्या बडबडीशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही मला."

आई हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"मी पुढेच बसणार," ती पुन्हा म्हणाली.

छोटूने तो नाद सोडला. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, आणि त्याची आई तर तरुणपणीही काही कमी नव्हती. त्याने दिव्याच्या मागच्या खबदाडीत हात घातला. मान वाकडी केली, टॉर्च तोंडात धरला, बोटं खरचटून घेतली. बल्ब अडकवणारा तारेचा चाप काही केल्या सापडेना.

"सरक," बाबा म्हणाले.

त्यांनी बाही वर केली आणि हात आत घातला. चेहरा समोर, भलतीकडेच, गप्पा मारत असल्यासारखा. "तिथे बघायला जागा असते का? बोटांनीच बघायचं." खट् आवाज झाला. चाप सुटला. जुना बल्ब बाहेर आला.

"नवा दे. आणि काचेला बोट लावू नकोस. बोटाचं तेल लागलं की तापून फुटतो."

छोटूने नवा बल्ब कागदात धरून त्यांच्या तळहातावर ठेवला. पुन्हा खट्. मागचा प्लगही बसला. छोटूला बाबांचा इतका अभिमान वाटला, की शेजारच्या शिंप्याला बोलावून दाखवावं.

"आता समोरून कुणीतरी बघायला हवं," तो म्हणाला.

आई लगबगीने उठली. पदरातल्या शेंगा पायरीवर सांडल्या. तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, "आई, जरा येता का? पाठ धरलीये."

आई दारात अडखळली. "आलेच मी. मी आले की मगच लावा दिवा. मी बघते."

"दिवा बघायला तुझी सही लागते काय?" बाबा म्हणाले. "जा, सुनेकडे बघ."

आई आत गेली. बाबा गाडीला हात लावत लावत समोर जाऊन उभे राहिले. छोटू आत बसला. उघड्या बॉनेटमुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. त्याने दिव्यांचं बटण फिरवलं.

"लागला का?"

पुढून बाबांचं नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"बाबा, लागला का?"

"लागला की!"

"दोन्ही?"

"दोन्ही. उजवा जरा जास्तच लख्ख आहे, नवा ना. बंद कर आता, डोळे दिपले माझे."

छोटूच्या मनावरचं ओझं उतरलं. आता बिनघोर जाता येणार होतं. त्याने बटण बंद केलं, खाली उतरला आणि गाडीची चावी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती खिशात टाकून वरून थोपटली.

"काही काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी आहे ना."

बॉनेट लावायला छोटूने हात वर केला. आत, बॅटरीशेजारी, काळी तार चिंधीत गुंडाळलेली होती, त्याने ठेवली होती तशीच.